‘नुसती थिअरी’ आणि दुबईचा पाऊस

१६ एप्रिल २०२४ची संध्याकाळ. शारजात अल मजाझमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद, बेसमेंटमध्ये गाड्या अर्ध्या पाण्यात, आणि मी नवव्या मजल्यावर फोनचं चार्जिंग वाचवत फॅमिली ग्रुप वाचत बसलेली. सांगोल्याहून मामाचा व्हॉइस मेसेज आला: “काय गं, तुमच्याकडं मीठ जरा जास्तच पडलं म्हणं. थोडं इकडं पाठव की.”

मीठ म्हणजे क्लाउड सीडिंगचं. मामा हसत होता, पण त्याच्या हसण्यात थोडं खरंही होतं. तालुका दुष्काळी, डाळिंबाची बाग, टँकरचा हिशोब. तो वर्षानुवर्षं आभाळाकडे बघतोय आणि इकडे आम्ही वाळवंटात पाणी उपसतोय.

पुढच्या महिन्यात आम्ही त्या पावसावर पॉडकास्टचा एक एपिसोड केला. त्यावर जे मेल आले त्यातले तीन मी जपून ठेवलेत. एकजण दुबईहून: “सरळ आहे, सीडिंगनेच पूर आला.” दुसरी मेलबर्नहून: “क्लाउड सीडिंग ही नुसती थिअरी आहे, सिद्ध झालेलं नाही, मग तिच्यामुळे पूर कसा येईल?” तिसरा म्युनिकचा पीएचडीवाला, जरा वैतागलेला: “हवा तापली की पाऊस वाढतो हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. नियमापुढे चर्चा कशाला करताय?”

तिघांची मतं तीन दिशांना, पण तिघांच्या डोक्यात चित्र एकच आहे. शाळेतलं. खाली गृहीतक, त्याच्या वर सिद्धांत, सगळ्यात वर नियम. प्रयोग करत राहिलं की गृहीतकाला बढती मिळून त्याचा सिद्धांत होतो, सिद्धांताला बढती मिळाली की नियम. क्लार्कचा हेडक्लार्क, हेडक्लार्कचा साहेब. आणि मंडळी, कबूल करायला हवं, त्या एपिसोडमध्ये मी स्वतः म्हटलं होतं, “हे अजून गृहीतकच आहे, नियम झालेला नाहीये.” एडिट करताना ऐकलं तेव्हाही मला काही खटकलं नाही. नंतर खटकलं. हा लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती समजा.

ही शिडीच अस्तित्वात नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळी कामं करतात. नियम सांगतो काय होतं: बहुतेक वेळा एका ओळीत, आकड्यांत. सिद्धांत सांगतो ते तसं का होतं, आणि कुठपर्यंत होतं. गृहीतक म्हणजे एखाद्या ठरावीक ठिकाणी आत्ता काय घडलं असेल किंवा घडेल याचं तपासता येईल असं विधान. शेतात नांगर, विहीर आणि पेरणी अशा तीन गोष्टी असतात. नांगराला बढती मिळून त्याची विहीर होत नाही.

गाडीच्या टायरचं उदाहरण घेऊ, कारण इथे उन्हाळ्यात ते सगळ्यांनाच माहीत असतं. सकाळी पंचविशीत टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली, दुपारी शेख झायेद रोडवर टायरमधली हवा ६० अंशांना पोचली, की दाब साधारण ३७ होतो. टायर फुगला नाही असं धरून हे गे-लुसॅकच्या नियमाने दोन मिनिटांत काढता येतं (बाहेरच्या हवेचा दाब आधी मिळवायला विसरू नका, आमच्या लॅबमध्येही लोक विसरतात). नियम इथे संपतो. दाब का वाढतो, ते त्याला माहीत नाही.

बॉइलने हवेचा दाब आणि आकारमान यांचा नियम १६६२मध्ये छापला. त्याचं कारण सांगणारा वायूंचा गतिज सिद्धांत नीट उभा राहिला तो क्लॉसियस, मॅक्सवेल वगैरे मंडळींच्या हातून, १८५७ ते १८६०च्या सुमाराला. म्हणजे नियम आधी आला आणि सिद्धांत जवळपास दोनशे वर्षांनी. शिडी खरी असती तर हे उलटं व्हायला हवं होतं. आणखी गंमत म्हणजे त्याच सिद्धांताने बॉइलचा नियम कुठे चुकतो तेही दाखवलं. रेणूंना स्वतःची जागा लागते आणि ते एकमेकांना ओढतात, त्यामुळे खूप दाबलेल्या किंवा खूप थंड वायूला हा नियम लागू पडत नाही. १८७३मध्ये व्हॅन डर वाल्सने त्याची दुरुस्ती दिली. कोण वर आणि कोण खाली असं विचारायचंच असेल तर इथे सिद्धांत वर बसलाय. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचं आणि आइन्स्टाइनच्या १९१५च्या सिद्धांताचंही तेच. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकलांनी जास्त का सरकते, ते नियमाला सांगता आलं नव्हतं, सिद्धांताने सांगितलं. तरी फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळावर पोचलेल्या अमिरातीच्या ‘होप’सारख्या यानांचं बहुतेक गणित न्यूटनच्या नियमावरच चालतं, कारण तेवढ्या कामाला तो पुरतो.

आता आपल्या भाषेकडे येते. इंग्रजीत शिकलेल्यांचा घोटाळा ‘थिअरी’ या शब्दाने होतो. गप्पांमध्ये थिअरी म्हणजे मनात आलेला तर्क. मराठीत घोटाळा उलट्या बाजूने होतो. सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेला शेवट. शब्दच सांगतो की काम संपलं, आता दुकान बंद. विज्ञानातला कुठलाही सिद्धांत असा संपलेला नसतो. म्हणजे एकच गोष्ट इंग्रजीत ऐकली तर हलकी वाटते आणि मराठीत ऐकली तर अढळ. आपल्यापैकी बरेचजण दोन्ही भाषांत विचार करतात, त्यामुळे दिवसातून दोनदा चुकण्याची सोय आहे.

‘गृहीतक’ तर त्याहून वाईट. रोजच्या बोलण्यात ‘मला गृहीत धरू नकोस’ म्हणजे न विचारता मान्य समजू नकोस. पण हायपोथेसिस म्हणजे नेमकं याच्या उलट: जे मान्य धरायचं नाही, ज्याला प्रश्न विचारायचेत, ते. ‘परिकल्पना’ हा शब्द बरा आहे, पण तो परीक्षेच्या हॉलच्या बाहेर येत नाही. आणि ‘नियम’? नियम म्हटलं की आपल्याला कोणीतरी केलेला नियम आठवतो. सिग्नल तोडला की दंड, आणि नियमाला अपवाद असतोच. निसर्गाच्या नियमाला दंड नसतो, आणि त्याला अपवाद सापडला तर शिक्षा नियमालाच होते. त्याची हद्द तरी आखून घ्यावी लागते.

आणखी एक जोडी बघा. आइन्स्टाइनच्या कामाला आपण सापेक्षता सिद्धांत म्हणतो, डार्विनच्या कामाला मात्र सर्रास उत्क्रांतिवाद. एक सिद्धांत, दुसरा वाद. समाजवाद, साम्यवाद यांच्या पंगतीत बसवलेला, म्हणजे पटला तर घ्या. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादच्या एका संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना त्यावर निवेदन काढावं लागलं. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. इथे सीबीएसईच्या शाळांत जाणारी आपली भाचरं तेच पुस्तक वाचतात. शब्दांमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, पण शब्दांनी वाट सोपी केली.

परत पावसाकडे. मला वाटतं, या तीन गोष्टींमधला फरक समजायला क्लाउड सीडिंगइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण इथे एकाच मिठाच्या कणात तिन्ही सापडतात.

पावसाळ्यात आजीच्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं ते आठवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. कारण मिठाच्या पाण्यावरचा बाष्पदाब साध्या पाण्यापेक्षा कमी असतो. किती कमी, याचं गणित राऊल्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात मांडलं. तो नियम.

ढगात काय होतं? तिथला थेंब इतका बारीक असतो की त्याची वक्रताच त्याच्या वाढीच्या आड येते. पाणी त्यातून उडून जायला बघतं. मीठ पाणी धरून ठेवतं, वक्रता सोडून देते, आणि या ओढाताणीतून कुठल्या आकाराचा कण कुठल्या आर्द्रतेला थेंब बनेल ते ठरतं. स्वीडनच्या हिल्डिंग क्योलरने १९३६मध्ये हे नीट बांधून दाखवलं. त्यात राऊल्टचा नियम एक वीट म्हणून वापरलाय. हा सिद्धांत. तो पुसून टाकला तर ढग का बनतात तेच सांगता येणार नाही. तेव्हा ‘नुसती थिअरी’ म्हणणाऱ्या मेलबर्नच्या मैत्रिणीला माझं एवढंच म्हणणं आहे की थिअरी हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात भक्कम भाग आहे.

गृहीतक वेगळंच आहे. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. वाळवंटावरच्या किंवा प्रदूषित हवेत धुळीचे बारीक कण फार, त्यामुळे पाणी वाटलं जाऊन सगळेच थेंब छोटे राहतात. अशा ढगाच्या तळाशी विमानातून मिठाचे जरा मोठे कण सोडले तर काही थेंब लवकर मोठे होतील, खाली पडताना बाकीच्यांना गोळा करतील, आणि जमिनीवर जास्त पाऊस पडेल. हे तपासायचं विधान आहे. यातली प्रत्येक पायरी सिद्धांताला धरून आहे, आणि तरीही शेवट खोटा निघू शकतो. थेंब खाली येता येता कोरड्या हवेत विरून जाऊ शकतात. ढग तसाही बरसणारच असेल. किंवा त्यात जोरच नसेल. राऊल्ट कितीही खरा असला, क्योलर कितीही खरा असला, तरी अल ऐनच्या त्या ढगाबद्दल ते दोघं काही बोलत नाहीत.

आणि आपण या प्रकाराला मराठीत म्हणतो काय? ‘कृत्रिम पाऊस’. म्हणजे नावातच निकाल लावून टाकलाय. ‘सरकार कृत्रिम पाऊस पाडणार’ अशी बातमी वाचली की पाऊस पाडता येतो हे गृहीत धरलं जातं, खऱ्या अर्थाने गृहीत. ढग नसेल तर मीठ टाकून काही होत नाही, एवढंही त्या शब्दातून कळत नाही. ‘मेघबीजन’ असा शब्द आहे, पण मथळ्यात तो कुणाला नको असतो.

आता पहिला मेल. सीडिंगने पूर आला, हेसुद्धा गृहीतकच, आणि चांगलं गृहीतक, कारण ते तपासता येतं. हसून सोडून द्यायची गरज नाही. अमिरातीत १९९०च्या दशकापासून सीडिंग चालतं, २०१५पासून त्यावर संशोधनाला मदत देणारा वेगळा कार्यक्रमही आहे, आणि विमानं अल ऐनहून उडतात. शंका येणं साहजिक होतं. काही बातम्यांत आदल्या दिवसांत उड्डाणं झाल्याचं आलं. राष्ट्रीय हवामान केंद्राने सांगितलं की वादळाच्या वेळी एकही मोहीम नव्हती. मी म्हणते, उडाली होती असंच धरू. मग काय दिसायला हवं?

दिसायला हवं की पाऊस विमानांच्या टप्प्यातच जास्त पडला. पण तीच हवामान प्रणाली १४ एप्रिलला ओमानवर बरसली होती आणि तिथे शाळकरी मुलं पुरात वाहून गेली. बहारीन, कतारमध्येही पाऊस झाला. दिसायला हवं की कुणाला आधी अंदाज आला नाही. पण हवामानाची मॉडेल्स काही दिवस आधीपासून मोठा पाऊस दाखवत होती, आणि त्या समीकरणांना विमानांचा पत्ता नसतो. शेवटी आकडा बघा. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला, १९४९पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा. सीडिंगवाले स्वतः जास्तीत जास्त दावा करतात तो स्वच्छ हवेत ३० टक्क्यांच्या आसपास वाढीचा, धुळीच्या हवेत त्याच्या निम्मा. तो सगळा दावा डोळे मिटून मान्य केला, तरी मिठाशिवाय १९६ मिलिमीटर पडलाच असता. दुबई विमानतळावर १४२ पडला, तिथे १०९. आणि त्या विमानतळाची वर्षाची सरासरी आहे ९४.७. आमच्या बेसमेंटला तेवढ्याने काही फरक पडला नसता.

म्हणजे गृहीतक पडलं. ‘नियम झालं नाही’ म्हणून पडलं नाही. त्याने जे दिसेल म्हटलं ते दिसलं नाही, म्हणून पडलं.

हे असं पहिल्यांदा झालेलं नाही. १९४६मध्ये व्हिन्सेंट शेफरने ड्राय आइसने ढगात बर्फाचे कण तयार करून दाखवले, आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९४७मध्ये, अमेरिकनांनी अटलांटिकवरच्या एका चक्रीवादळात ड्राय आइस टाकलं. वादळ वळलं आणि जॉर्जियात सव्हानाला धडकलं. लोक संतापले. मजा म्हणजे प्रकल्पामागचे शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर, रसायनशास्त्राचे नोबेलविजेते, यांचंही म्हणणं तेच: आम्हीच वळवलं! त्यांना त्याचा अभिमान होता. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ड्राय आइस पडायच्या आधीच वादळ वळायला लागलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि नोबेलवाला माणूसही फांदीच्या हिशोबात कावळ्याचं नाव लिहून मोकळा झाला.

त्यानंतर १९६२ ते १९८३ ‘स्टॉर्मफ्युरी’ नावाचा प्रकल्प चालला. चक्रीवादळाच्या डोळ्याबाहेर सीडिंग केलं तर वादळ कमजोर होईल, असं गृहीतक. मागचा सिद्धांत बरोबर होता: अतिशीत पाण्यातून बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. काही वादळं सीडिंगनंतर कमजोर झालीसुद्धा. पण मग कळलं की चक्रीवादळांत तेवढं अतिशीत पाणीच नसतं, आणि सीडिंग न केलेली वादळंही आपोआप तसंच करतात. सिद्धांत खरा, गृहीतक खोटं, एकवीस वर्षं खर्ची.

तिसऱ्या मेलवर मला जास्त बोलायचंय, कारण तो आपल्या बाजूचा आहे आणि आपल्या बाजूच्या चुका आपण सोडून देतो. म्युनिकचा मित्र ज्या नियमाबद्दल बोलतो तो क्लॉसियस-क्लेपेरॉन यांचा. क्लेपेरॉनने १८३४मध्ये मांडला, क्लॉसियसने १८५०मध्ये नीट केला (होय, वायूंवाला तोच क्लॉसियस). हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावू शकतं. नियम पक्का. पण वाक्यात ‘मावू शकतं’ आहे, ‘पडतं’ नाही. डबा मोठा झाला म्हणजे भात जास्त शिजला असं नाही. त्या नियमावर विसंबलं तर अमिरात कायम पाण्याखाली हवी. इथे ऑगस्टमध्ये चष्म्यावर धुकं जमण्याइतकं बाष्प असतं आणि पावसाचा थेंब नाही, कारण हवा वर चढतच नाही.

जग साधारण १.२ अंशांनी तापलंय. नुसत्या नियमाने हिशोब केला तर ८ टक्के येतात. वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन या गटाने त्याच महिन्यात जो अभ्यास काढला, त्यात नोंदींवरून दिसलं की या भागात एल निन्योच्या वर्षांतला अतिवृष्टीचा पाऊस १० ते ४० टक्क्यांनी वाढलाय. पण त्यांची मॉडेल्स एका सुरात ते दाखवत नव्हती, आणि त्यांनी ते लपवलं नाही. तापमानवाढ हे सगळ्यात पटणारं कारण, पण नेमका वाटा सांगता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. बातम्यांमध्ये मात्र ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ आणि ‘शास्त्रज्ञांनाही खात्री नाही’ असे दोनच मथळे होते. शिडी डोक्यात असली की मधली जागाच दिसत नाही. या विशिष्ट पावसात तापमानवाढीचा किती हात, हेही गृहीतकच आहे, आणि नियमाचा शिक्का दाखवून त्याला तपासणीतून सूट मिळत नाही. मित्राला मी हेच लिहिलं. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

आता सोलापूर. मामाला मी त्या रात्री सांगितलं नव्हतं, पण ज्या मिठाबद्दल तो चेष्टा करत होता, ते मीठ त्याच्या जिल्ह्यावर पडून गेलं होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ‘कायपिक्स’ या प्रयोगात २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूरवरच्या ढगांत सीडिंग केलं. सोलापूर का, तर पर्जन्यछायेचा प्रदेश: ढग येतात, बरसायला कुचराई करतात.

या प्रयोगातली खरी हुशारी मिठात नाही, चिठ्ठीत आहे. ढगाला जुळा भाऊ नसतो. ज्या ढगात मीठ टाकलं, तो मिठाशिवाय किती बरसला असता, ते कधीच कळणार नाही. म्हणून २७६ ढग निवडले आणि कशात मीठ टाकायचं, कशात नाही, ते नशिबावर सोडलं. वैमानिकाने ‘हा गुबगुबीत दिसतोय, यातच टाकू’ असं केलं असतं तर सगळा निकाल वाया गेला असता. मग रडार आणि पर्जन्यमापकांनी हिशोब. निकाल २०२३मध्ये प्रसिद्ध झाला: वाऱ्याच्या पुढच्या बाजूच्या साधारण १०० चौरस किलोमीटरांत पावसात सुमारे १८ टक्क्यांची सापेक्ष वाढ.

हा निकाल मला आवडतो, आणि त्याची बातमी ज्या पद्धतीने झाली ती आवडत नाही. ‘कृत्रिम पाऊस यशस्वी’ असं छापून आलं. १८ टक्के हे त्या ढगांचे, त्या दोन हंगामांचे, त्या जागेचे आहेत. गृहीतक एका कठीण परीक्षेत पास झालं, एवढंच. त्याला बढती मिळून ‘मीठ टाकलं की १८ टक्के’ असा नियम झालेला नाही, आणि पुढे दहा ठिकाणी पास झालं तरी होणार नाही. तेव्हा ते दहा ठिकाणी तपासलेलं गृहीतक असेल, बस्स, आणि ते पुष्कळ असेल.

याउलट राज्य सरकारने २००३, २०१५ आणि २०१९मध्ये जे प्रयोग केले त्यांना प्रयोग म्हणणंच जिवावर येतं. २०१९मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी ३० कोटी रुपये मंजूर केले. दुष्काळ, रागावलेले लोक, विमान हवेत. मीठ न टाकलेल्या ढगांची तुलना अशा मोहिमेत कोण मागणार? पाऊस पडला तर विमानामुळे, नाही पडला तर ढग चांगले नव्हते. काहीही झालं तरी जे चूक ठरू शकत नाही, ते गृहीतक नव्हे. दुष्काळात काहीतरी करून दाखवावं लागतं हे मला कळतं, मी त्याच घरातली आहे. पण तेवढ्या पैशांत प्रत्येक ढगामागे एक नाणं उडवलं असतं, तर आज आपल्याकडे मराठवाड्याचाही एक आकडा असता, मग तो शून्य का असेना.

मागच्या जूनमध्ये सुट्टीला गेले तेव्हा हे सगळं मामाला ओट्यावर बसून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि आतून पंचांग आणलं. आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असलं तर पाऊस चांगला. “मग ह्ये काय?” तो म्हणाला. “नियम का सिद्धांत?”

मी म्हटलं, गृहीतक. आणि अगदी सरळ, कारण तारखा छापलेल्या आहेत आणि पाऊस मोजता येतो. मामी आतून म्हणाली, “इतकी वर्षं झाली, कुणी मोजलाय का?”

दुसऱ्या दिवशी मामा मला मोटरसायलकवर सांगोल्याला घेऊन गेला आणि शेतीच्या दुकानातून प्लास्टिकचं पर्जन्यमापक घेतलं. ते आता डाळिंबाच्या बागेत, झाडांपासून लांब, खांबाला बांधलेलं आहे. रोज सकाळी साडेआठला तो आकडा वहीत लिहितो आणि पानाच्या कोपऱ्यात नक्षत्राचं वाहन. गेल्या हत्तीला काय झालं ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही. म्हणतो, एका वर्षावरून बोलायचं नसतं.